आलेखाखाली तारखाही छापा

संपादक महोदय,

व्यापाराच्या पानावर हल्ली आलेखांची रेलचेल असते. 'विक्रीत वाढ' किंवा 'मागणीत घट' असा मथळा आणि खाली एक रेघ. ती कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतची, हे बहुधा छापलेलेच नसते. मी हिशेब विभागात मासिक अहवाल तयार करते, त्यामुळे माझी नजर आधी तिथेच जाते.

अहवालाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'पासून' आणि 'पर्यंत' असे दोन रकाने असतात. 'पर्यंत'मध्ये ३१ मार्च टाकले की ३१ तारीख धरली गेली, असे आपण समजतो. पण नोंदींत तारखेबरोबर वेळही असेल, तर कित्येकदा सॉफ्टवेअर त्याचा अर्थ '३१ मार्च, ००:००', म्हणजे तो दिवस सुरू होतो तो मध्यरात्रीचा क्षण, असा घेते. मग तो अख्खा दिवस गळतो, आणि महिनाअखेर म्हणजे तर बिलांची नुसती झुंबड! जाणकार म्हणूनच '१ एप्रिलच्या आधी' अशी अट घालतात. सर्व्हरचे घड्याळ जागतिक वेळेवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असेल, तर आपल्याकडे १ एप्रिलच्या पहाटे झालेली नोंद मार्चमध्ये जाऊन बसते, ते वेगळेच.

तारीख तरी कोणती? ऑर्डर फेब्रुवारीत आली, बिल मार्चमध्ये झाले, पैसे एप्रिलमध्ये जमा झाले. तीन आलेखांत तोच व्यवहार तीन महिन्यांत दिसेल आणि एकही आलेख खोटा नसेल. विक्रीवाले आणि हिशेबवाले बैठकीत भांडतात ते बरेचदा यावरूनच.

मला सर्वांत खटकतो तो शेवटचा अर्धवट स्तंभ. महिना निम्माही सरलेला नसतो, स्तंभ साहजिकच बुटका, आणि मथळा 'मोठी घसरण'! 'गेले ३० दिवस' आणि 'गेला महिना' यांचीही अशीच सरमिसळ होते. पहिली मुदत रोज पुढे सरकते, म्हणून तोच आलेख आठवड्याने उघडला तर आकडे बदललेले. शिवाय मंदीच्या महिन्यापासून सुरुवात केली की कोणाचीही वाढ डोळ्यांत भरते. तिथे सॉफ्टवेअरला दोष देता येत नाही, तारीख निवडणारा हात माणसाचाच असतो.

तेव्हा विनंती एवढीच, की प्रत्येक आलेखाखाली एक ओळ द्यावी: कधीपासून कधीपर्यंत, तारीख ऑर्डरची की बिलाची, आणि आकडे कोणत्या दिवसापर्यंत पूर्ण आहेत. ओळीपुरती जागा नसेल, तर स्तंभांना दिलेली ती त्रिमितीय सजावट काढा; तिच्यावाचून कुणाचे अडत नाही.

— एक नियमित वाचक