ती व्हायल

प्रिय दोस्ता,

तब्येत ठीक, पाठ अधूनमधून बोलते, ते सोड. लिहायला बसलोय कारण लॅबमध्ये जे झालं ते दुसऱ्या कोणाला सांगितलं तर म्हणेल एवढंसं काय त्यात. तू म्हणणार नाहीस.

ती नवीन मुलगी आठवते ना, फोनवर सांगितलं होतं ती. तिची चाचणी (assay) रिपीटच होईना. आधीच्या मुलाला जो इफेक्ट झकास मिळायचा तो हिला कधी अर्धा, कधी काहीच नाही. मग मीटिंगमध्ये सर सगळ्यांसमोर म्हणाले, हिचा हात बसलेला नाही. ती काही बोलली नाही, वही मिटून ठेवली फक्त. मला राहवेना. संध्याकाळी तिला गाठलं आणि म्हटलं, पेप्टाइड, म्हणजे ज्या अमिनो अ‍ॅसिडच्या छोट्या साखळीवर ही चाचणी आहे ती, कुठे ठेवतेस ते दाखव आधी.

अरे, कॉमन फ्रीजर! तोही फ्रॉस्ट-फ्री, आणि पावडरची व्हायल, ती काचेची कुपी, दाराच्या कप्प्यात! बर्फ साचू नये म्हणून तो फ्रीजर स्वतःच मधूनमधून गरम होतो, मग बाहेर उणे २० लिहिलेलं असून काय उपयोग, त्यात दार दिवसभर उघडझाप. व्हायल हातात घेतली तर पावडर भुसभुशीत नव्हतीच, एका बाजूला काचेला चिकट पापुद्रा धरलेला. लेबलवरचा मार्कर फिसकटून तारीख गेलेली, बॅचचा शेवटचा आकडा तेवढा वाचता आला. म्हणजे जो येतो तो थंडगार व्हायल तशीच उघडतो, बाहेरची दमट हवा आत, पाणी थेट पावडरवर, थोडं वजन करून घ्यायचं आणि परत फ्रीजरमध्ये. हेच चालू असणार कधीपासून. तिला कोणी सांगितलंच नव्हतं, आधी डेसिकेटरमध्ये, त्या कोरड्या हवेच्या बंद भांड्यात ठेव, रूम टेम्परेचरला येऊ दे, सेंट्रिफ्यूजमध्ये एकदा स्पिन दे म्हणजे झाकणाला चिकटलेलं खाली येईल, मग उघड.

तू डेसिकेटर समोर घेऊन बसायचास आणि अख्खी लॅब म्हणायची हा अंडी उबवतोय, आठवतं? आपला दाढीवाला तर येऊन विचारायचा, पिल्लं कधी निघणार रे. त्या दिवशी मला तुझी फार आठवण आली.

बरं, पुढचं ऐक. पेप्टाइडच्या सीक्वेन्समध्ये मेथिओनिन आहे, हवेतल्या ऑक्सिजनने चटकन बिघडणारं अमिनो अ‍ॅसिड. आमच्याच मशीनवर मास, म्हणजे रेणूचं वजन, बघितला तर मुख्य पीकच्या शेजारी +१६ उभा, म्हणजे एक ऑक्सिजन जास्त, चांगला ठसठशीत, आणि घटक वेगळे करणाऱ्या एचपीएलसीवर आधी निघणारं एक पीक. मेथिओनिन ऑक्सिडाइझ झालंय सरळ सरळ. सर म्हणतात सर्टिफिकेटवर तर ९५ टक्के प्युरिटी आहे. अरे पण ते सर्टिफिकेट ज्या दिवशी टेस्ट केली त्या दिवसाचं! त्यानंतर व्हायलचं काय झालं ते त्या कागदाला कसं कळणार?

आणि एवढ्यावर थांबत नाही. अ‍ॅस्परॅजिनच्या लगेच पुढे ग्लायसिन आहे, म्हणजे डीअमिडेशनला, अ‍ॅस्परॅजिनचा अमाइड गट गळून पडायला, अगदी मोकळं रान. आधीच्या मुलाने पीएच ७.४ च्या बफरमध्ये पेप्टाइड विरघळवून स्टॉक करून फ्रीजमध्ये ठेवला होता, ४ डिग्रीला, आणि तोच अजून वापरात आहे! त्याने स्वतः वापरला तेव्हा ताजा होता, म्हणून त्याचे आकडे मला खरे वाटतात. हिच्या हातात उरलंसुरलं आलं आणि बोल हिला लागले.

तर मुद्दा. डीअमिडेशनला मास फक्त १ डाल्टनने वाढतो, आमच्या मशीनला तो धड वेगळा दिसत नाही, आयसोटोपच्या पीकमध्येच मिसळतो. तुझ्याकडे हाय रिझोल्यूशनचं मशीन आहे. बघून दे ना रे. मला सरांपुढे नुसती शंका न्यायची नाहीये, स्पेक्ट्रम ठेवायचाय, तोही तिच्या समोर. कारण ती आता म्हणायला लागलीये, मला हे जमत नाही वाटतं. इतकी नीटनेटकी वही लिहिणारी मुलगी, आणि एका दारातल्या व्हायलपायी तिने असं बोलावं, माझ्या डोक्यातून जात नाही ते. सर नवीन बॅच मागवायलाही तयार नाहीत, आधी हात सुधारू दे म्हणतात.

बॅच आली तर काय करायचं ते ठरवून ठेवलंय. एकदाच उघडायची, एकदाच विरघळवायची, एका प्रयोगापुरते छोटे वाटे (अ‍ॅलिकोट) करायचे, परत फ्रीझ ड्राय, वर हवेऐवजी आर्गॉन वायू, आणि उणे ८०. विरघळवलेला अ‍ॅलिकोट उरला तर फेकायचा, परत गोठवायचा नाही. विरघळवायला डीएमएसओ हे सॉल्व्हंट नको, मेथिओनिनला तो आणखी त्रास देईल.

राहिलं कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे आपलं ते जुनं भांडण. पावडरचं वजन म्हणजे पेप्टाइडचं वजन नव्हे, त्यात बनवताना वापरलेलं टीएफए हे अ‍ॅसिड असतं, पाणी असतं, हे तर दोघांनाही मान्य होतं. तू म्हणायचास अमिनो अ‍ॅसिड अ‍ॅनालिसिसच कर, मी म्हणायचो २८० नॅनोमीटरवर प्रकाश किती शोषला जातो त्याचं रीडिंग घे आणि मोकळा हो, आणि त्यावरून आपण चक्क बोलायचं बंद केलं होतं. ट्रिप्टोफॅन असेल तर माझं म्हणणं आजही तेच आहे, भांडायला ये. पण तो प्रकाश शोषणारं ट्रिप्टोफॅनही यात नाही आणि टायरोसिनही नाही, तेव्हा या खेपेला तुझ्या पद्धतीने.

काकूंचं ऑपरेशन नीट झालं का? धाकटीचा निकाल काय लागला? नवीन घराचे फोटो पाठवतो म्हणालास ते अजून आले नाहीत.

सॅम्पल सोमवारी पाठवतो म्हणजे शनिवार-रविवार कुठे अडकून पडणार नाही. पावडरला वाटेतल्या दोन-तीन दिवसांनी काही होत नाही, पण त्या जुन्या स्टॉकचाही थोडा पाठवतोय, तो ड्राय आइसमध्ये असेल, पार्सल आलं की लगेच उणे ८० ला टाक. दोन्हींवर पेन्सिलने लिहिलंय, पुसलं जाणार नाही. आणि स्पेक्ट्रम मला एकट्याला नको पाठवूस, तिलाही मार्क कर.

तुझाच