चिखलदऱ्याहून चिकमगळूरच्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुमचं कन्नड, आमची वऱ्हाडी आणि मधे दोघांची मोडकी हिंदी, एवढ्यावर तुम्ही चिखलदऱ्याच्या दोन एकरांत स्पेशालिटी कॉफी (चवीच्या तपासणीत १०० पैकी ८० किंवा जास्त गुण मिळवणारी) मार्गी लावून दिलीत. 'असं करा' म्हणणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही दर वेळी 'का' तेही सांगितलंत. म्हणून आभाराचं पत्र उघडच लिहितो. कॉफीकडे वळणाऱ्या आणखी कुणाच्या कामी येईल.

सावली कमी करून झाडं वाढवायचा मोह तुम्ही पहिल्यांदा मोडलात. कॉफीचं खोड पोखरणाऱ्या खोडकिड्याची मादी उघड्या, उन्हात तापणाऱ्या खोडाच्या भेगांत अंडी घालते, आणि अळी लाकडात शिरली की फवारा तिथे पोचत नाही. म्हणून आधी सावलीला पांगारा आणि सिल्व्हर ओक, मग एस. ७९५ या कॉफीच्या वाणाची रोपं ६ बाय ६ फुटांवर. खोडाची सुटी साल गोणपाटाने घासून काढायची. लागलेलं झाड उपटून जाळायचं, हळहळायचं नाही. पानांवरच्या तांबेरा रोगाला बोर्डो मिश्रण फवारायचं: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, २०० लिटर पाणी. त्यात लोखंडी सुरी बुडवून तांबूस पुट चढलं तर चुना कमी पडला.

पण खरं ऋण तोडणीनंतरचं. पूर्ण पिकलेली फळंच घ्यायची, म्हणजे एकाच झाडाकडे चार-पाच खेपा. मजुरी किलोवर दिली की हिरवी फळं येणारच, म्हणून रोजाने द्या, हा तुमचा सल्ला महाग वाटतो खरा. पण हिरव्या फळाचा तुरटपणा कितीही भाजलं तरी जात नाही. फळं पाण्यात ओतून तरंगणारी बाजूला काढायची आणि बाकीची त्याच संध्याकाळी पल्परमध्ये, म्हणजे साल-गर काढणाऱ्या यंत्रात, घालायची. पल्परची फट जास्त आवळली तर बिया चिरतात, चिरलेल्या बिया टाकीत आधी आंबट होतात. सैल राहिली तर सालं सोबत येतात. त्यामुळे अधूनमधून मूठभर बिया हातावर घेऊन बघायच्या.

बियांवरचा चिकट थर सुटावा म्हणून त्या टाकीत आंबवायच्या, पण त्याला तुम्ही घड्याळ लावू दिलं नाहीत. थंडीत ३६ तासही लागतात, उबेत २४ च्या आत उरकतं. बिया चोळल्यावर चिकटपणा जाऊन खड्यांसारख्या करकरल्या की लगेच धुवायच्या. वाळवण जाळीच्या मांडवावर, थर जेमतेम दोन बोटं, हात सतत फिरता. दुपारी वर शेडनेट, नाहीतर टरफल तडकतं. रात्री ताडपत्री, नाहीतर दवाने पुन्हा ओल धरते आणि बुरशी येते. मीटरवर ओलावा १० ते ११ टक्के दिसला की गोणी भरायची, आणि ती खत किंवा डिझेलच्या शेजारी कधीच ठेवायची नाही. कॉफी वास ओढते.

हिशेबही तुम्हीच समजावलात: साधारण सहा किलो फळांची एक किलो हिरवी (म्हणजे वाळलेली, न भाजलेली) बी, आणि त्यातलीही सगळी ८० गुणांवर जात नाही. उरलेली नेहमीच्या भावाने विकायची, त्यात लाज कसली?

चव घेताना पाच पेले, प्रत्येकी ८.२५ ग्रॅम पूड, १५० मिलि पाणी, चार मिनिटांनी वरची साय चमच्याने मोडायची. पाचांत एकच पेला वेगळा लागला तर निवडणीत काहीतरी निसटलंय.

यंदाच्या पहिल्या धुतलेल्या कॉफीचा ३५० ग्रॅम नमुना सोबत पाठवत आहोत. गुण कमी द्यायचे तर द्या. फक्त नेहमीसारखं कारण लिहा.

तुमचेच,
चिखलदऱ्याचे घरचे सगळे