तुझ्या त्या निळ्या वहीबद्दल

प्रिय बबडे,

सव्वा वर्ष झालं तुला धड काही लिहून. तुझ्या वाढदिवसाला नुसता फुग्यांचा स्टिकर पाठवला आणि त्यावर तू नुसता अंगठा टाकलास, तेव्हाच कळलं की बाई चिडलीये. चीड, हक्क आहे तुझा. इकडे सगळे ठीक, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, मला बीपीची गोळी सुरू झालीये. झालं तब्येतीचं. आता ऐक.

मी नोकरी सोडली. गेल्या शुक्रवारी.

बाकी सगळ्यांना सांगितलंय की कंटाळा आला होता, थोडा ब्रेक घेतेय. तुला तसं सांगता येत नाही. राजीनाम्याच्या ऑनलाइन फॉर्मवर कारणाचा रकाना असतो ना, त्यात निवडायची यादी होती, चांगली संधी, पुढचं शिक्षण, स्थलांतर, प्रकृती, वैयक्तिक. दीड वर्ष माझं जे काही चाललं होतं त्याला त्या यादीत जागाच नव्हती. मी पाच मिनिटं नुसती त्या यादीकडे बघत बसले आणि मग 'वैयक्तिक'वर क्लिक केलं. आणि बबडे तेव्हा मला तू आठवलीस, नऊ वर्षांपूर्वी तू पण कागदावर 'वैयक्तिक कारणांमुळे' असंच लिहिलं होतंस आणि मी जिन्यात तुला विचारलं होतं, अगं पण वैयक्तिक म्हणजे काय झालंय नक्की? तू माझ्याकडे असं काही बघितलं होतंस की मी विषयच बदलला.

सुरुवात कशी झाली ते सांगते, म्हणजे मलाच अजून नीट सांगता येत नाही कारण यात एक अशी मोठी गोष्ट कुठे घडतच नाही. नवीन बॉस आला. पहिला महिना गोड. मग माझ्या मेलला उत्तर देताना पंधरा जणांना सीसीत टाकायला लागला, आणि उत्तर काय तर 'तारीख लिहिण्याची पद्धत चुकली आहे, कृपया काळजी घ्यावी.' मग मीटिंगची इन्व्हाइट येईना. विचारलं तर "अरे, तुम्हाला सांगायचं राहिलं वाटतं." एकदा राहू शकतं, दोनदा राहू शकतं, आठव्यांदा कसं राहील? आणि त्याच मीटिंगमध्ये ठरलेलं काम झालं नाही म्हणून सोमवारी सगळ्यांसमोर मलाच विचारायचं. रजा मंजूर करायची आणि आदल्या रात्री अकरा वाजता मेसेज टाकून रद्द करायची. प्रत्येक गोष्ट सुटी सुटी सांगितली ना की समोरचा म्हणतो, एवढंच? नवरा पण पहिले सहा महिने हेच म्हणायचा, एवढंच ना, सोड की. त्याला काय दोष देऊ, मी तुला हेच म्हणाले होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, त्यातला मार सगळ्यांना समजतो गं, तोंड दाबणं म्हणजे काय ते मला आत्ता कळलं.

मग काम काढून घ्यायला सुरुवात झाली. अकरा वर्षं मी करत होते तो महिन्याचा रिपोर्ट एक दिवस न सांगता त्या नवीन मुलीकडे गेला, जिला मीच शिकवलं होतं. मला काय दिलं तर जुन्या फायलींना नंबर टाकायचं काम. जुन्या म्हणजे ज्या कोणीही परत कधी उघडणार नाही अशा. दिवसभर मी नंबर टाकायचे आणि समोरून लोक घाईघाईने मीटिंगला जायचे. एचआरकडे गेले तर त्या म्हणाल्या, "तुमच्यावरचा लोड कमी केला तर त्यात छळ कसा?" मी गप्प बसले. मला खरंच वाटलं की मीच विचित्र आहे, लोकांना काम जास्त झालं म्हणून त्रास होतो आणि मला कमी झालं म्हणून.

मग रात्री झोप लागेना तेव्हा वाचायला लागले. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच, मग फोन घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसायचं. तिथे वाचलं की जपानमध्ये २०१९ साली ऑफिसातल्या वरिष्ठांच्या छळाबद्दल कायदा झाला आणि त्यांच्या कामगार खात्याने छळाचे सहा प्रकार लिहून ठेवलेत. मारहाण, अपमान, एकटं पाडणं, झेपणार नाही इतकं काम देणं, खाजगी गोष्टींत नाक खुपसणं, आणि उरलेला एक प्रकार म्हणजे माणसाच्या कुवतीपेक्षा फारच हलकं काम देणं किंवा कामच न देणं. बबडे, मी पहाटे तीन वाजता ओट्याला टेकून रडले. कारण कोणीतरी कुठेतरी सरकारी कागदावर लिहून ठेवलं होतं की हे पण धरायचं.

अजून एक सांगते, तुला आवडेल कारण तुला पक्ष्यांचं वेड. हाइन्झ लेमन म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होता, जन्माने जर्मन पण काम सगळं स्वीडनमध्ये, त्याने १९८० च्या दशकात या प्रकाराचा अभ्यास केला आणि त्याला 'मॉबिंग' म्हटलं. तो शब्द आधी कोनराड लोरेन्झने प्राणी-पक्ष्यांसाठी वापरलेला, छोटे पक्षी मिळून एखाद्या मोठ्या शिकारी पक्ष्यावर तुटून पडतात ना, ते. मला ते काही पटलं नाही. पक्ष्यांमध्ये निदान छोटे एकत्र येऊन मोठ्याला पळवतात, आमच्याकडे मोठा एकाला धरतो आणि बाकीचे छोटे फांदीवर बसून राहतात. पण त्याने माप चांगलं लावलंय, आठवड्यातून निदान एकदा आणि असं सलग निदान सहा महिने. त्याने अशा छळाच्या पंचेचाळीस गोष्टींची यादी केली होती. त्यातल्या जेवढ्या सापडल्या तेवढ्या मी माझ्याशी ताडून बघितल्या, खूणा करत गेले आणि मग मोजायचं बंद केलं.

शरीराचं सांगू का, थोडक्यात सांगते. रविवारी दुपारी चारपासून पोटात गोळा. लिफ्टचं दार उघडताना छातीत धडधड. फोन टिंग वाजला की हात गार. एकदा तर शेजारच्यांचा फोन वाजला तरी मी उठून उभी राहिले. ईसीजी काढला, नॉर्मल. डॉक्टर भला माणूस, त्याने मशीन बाजूला ठेवलं आणि विचारलं, ऑफिसात कसं चाललंय? वीस मिनिटं बाहेर पेशंट ताटकळले असतील. तो म्हणाला हा बर्नआउट आहे, आणि असंही म्हणाला की जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांची नवी यादी मंजूर केली त्यात बर्नआउट आहे पण आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आटोक्यात न आल्याने होणारी अवस्था म्हणून आहे. म्हणजे त्याची व्याख्याच कामाच्या जागेला बांधलेली. हे ऐकून मला किती हलकं वाटलं सांगू, कारण तोपर्यंत मी प्राणायामाच्या क्लासपासून ते डायरीत 'आज मी सकारात्मक राहीन' लिहिण्यापर्यंत सगळं करून झालं होतं. एचआरने पण एक ताणमुक्तीचं वेबिनार लावलं होतं, मला खास आग्रहाने बसवलं.

मग पीआयपी आलं, म्हणजे कामगिरी सुधारा असं बजावणारं कंपनीचं पत्र. साठ दिवसांत सुधारणा दाखवा. कशात सुधारणा, तर 'दृष्टिकोन' आणि 'टीमशी समन्वय'. ज्या टीमच्या मीटिंगला मला बोलवत नाहीत तिच्याशी समन्वय! मी ते पत्र तुला फोटो काढून पाठवणार होते, टाइप पण केलं होतं 'बघ गं', आणि पुसलं. का पुसलं ते पुढे सांगते.

एचआरचं शेवटपर्यंत एकच पालुपद, दोन माणसांचे स्वभाव जुळत नाहीत एवढंच आहे हे. मला त्यांना फ्रान्स टेलिकॉमची केस दाखवायची होती, तिथे २०१९ च्या डिसेंबरमध्ये कोर्टाने वरच्या साहेबांना दोषी धरलं, कारण हजारो लोकांनी आपणहून निघून जावं म्हणून त्रास देणं हे कंपनीचं धोरणच होतं. स्वभावाचा प्रश्नच नाही. किती जीव गेले त्यात, मी ते सगळं वाचू शकले नाही, मध्येच फोन उलटा ठेवला. एचआरसमोर मात्र माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. घरी येऊन आरशासमोर सगळं बोलले, मुद्देसूद.

आता तुझी वही.

तुझी ती निळी वही, जिच्यावर आपण 'हिशोब' असं लिहिलं होतं म्हणजे कोणी उघडू नये. तारीख, वेळ, कोण काय बोललं, समोर कोण होतं, असे चार रकाने. मी तुला हसायचे, तुला 'फौजदार' म्हणायचे. आणि 'घोगरा' केबिनमधून खाकरत बाहेर आला की आपण दोघी कशा एकदम टाइप करायला लागायचो, तुझा कॉम्प्युटर तर एकदा बंदच होता आणि तू नुसतीच बोटं चालवत होतीस, मी मेले होते हसून. पण मग ती मीटिंग झाली, त्याने तुला उभं केलं आणि तुझा रिपोर्ट मोठ्याने वाचायला लावला, ओळ न ओळ, आणि प्रत्येक ओळीनंतर सगळ्यांना विचारायचा, यात काय चुकलंय सांगा. मी तिथे होते. मी पेनचं टोपण काढत होते, लावत होते. संध्याकाळी तू मला वही दाखवलीस, शेवटच्या रकान्यात माझं नाव होतं आणि पुढे कंसात 'काही बोलली नाही'.

मी केवढी भांडले तुझ्याशी. आपली पंख्यावरून भांडणं झाली, तुझा तो मरून स्वेटर मी धुवून आटवला त्यावरून तू आठवडाभर बोलली नव्हतीस, पण असं कधी भांडलो नव्हतो. मी म्हणाले मला कशाला गोत्यात आणतेस, एकदाच तर बोलला तो, तू जरा जास्तच मनाला लावून घेतेस. आणि नाव खोडायला लावलं. तू खोडलंस. एक शब्द न बोलता, इतकं गिरवून की पान फाटलं. दोन महिन्यांनी तू गेलीस आणि तुझं काम माझ्याकडे आलं, आणि मी ते घेतलं.

एकदाच तर बोलला! २०१९ च्या त्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या करारात, १९० नंबरचा, स्पष्ट लिहिलंय की प्रकार एकदा झाला काय आणि वारंवार झाला काय, दोन्ही छळातच मोडतात. मी ते वाचलं आणि त्या दिवसापासून तुला मेसेज करता आला नाही. पीआयपीचा फोटो म्हणूनच पुसला. कुठल्या तोंडाने तुझ्याकडे रडायला येऊ?

गेल्या महिन्यात माझ्याबरोबर तेच झालं. चौदा जण होते, मला माझाच मेल मोठ्याने वाचायला लावला. सगळे लॅपटॉपमध्ये बघत होते आणि ती मुलगी, माझा रिपोर्ट जिच्याकडे गेला ती, पेनचं टोपण काढत होती, लावत होती. मला बॉसचा रागच आला नाही बघ त्या क्षणी. मी त्या टोपणाकडे बघत वाचत राहिले. घरी येऊन मी पण वही काढली, तुझ्यासारखेच चार रकाने आखले, आणि शेवटच्या रकान्यात तिचं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं की वकिलाकडे जायचा विचार आहे, तू खरं काय ते सांगशील का. ती रात्री मेसेज करते, "ताई प्लीज, माझं नाव नका ना लिहू, माझं प्रोबेशन आहे."

मी खोडलं. तिला रागावले नाही. पण खोडताना हात थरथरत होता आणि मी विचार करत होते की तुझा पण थरथरला असेल का, मला काही आठवतच नाही, मी तुझ्या हाताकडे बघितलंच नव्हतं.

वकीलबाई म्हणाल्या की काही देशांत अशा राजीनाम्याला कायदा हकालपट्टीच मानतो, म्हणजे परिस्थितीच अशी केली की माणसाला जावंच लागलं. आपल्याला कितपत जमेल ते बघू म्हणाल्या, पण साक्षीदार हवा. मी अजून ठरवलं नाहीये. आत्ता मी नुसती झोपते. काल सलग सात तास झोपले, उठल्यावर कुठे आहे तेच कळेना.

तुझं कसं चाललंय? गुडघा कसा आहे, पट्टा लावतेस का नुसती कुरकुर? चिरंजीवांचा रिझल्ट लागला असेल, मी विचारलं पण नाही. नवीन घराचे फोटो पाठव, गॅलरीत ते सुगरणीचं घरटं टांगलंयस का अजून?

एक काम कर बबडे. ती वही तू टाकली नसशील, तू काहीच टाकत नाहीस. ते फाटलेलं पान काढ आणि माझं नाव परत लिही, पूर्ण, आडनावासकट. पुढचं कंसातलं पण लिही. आणि फोटो काढून मला पाठव, मग मी फोन करते. आधी करायचा धीर होत नाहीये.

तुझी,
बारकी

ता.क. स्वेटर मी आटवला नव्हता, तो आधीच आटलेला होता. हे मी अजूनही मान्य करणार नाही.