पार्टी आधी व्हर्निअर बघते

महोदय,

उद्यमबागेत माझी छोटी शेड आहे. दोन सीएनसी (संगणकावर चालणारी मशिनं), वडिलांच्या काळातला एक लेथ आणि सात माणसं. आम्ही मशिनिंगचं जॉबवर्क करतो, म्हणजे गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगप्रमाणे धातूचे भाग (जॉब) बनवून देतो. नवउद्योजकांसाठी भरलेल्या एका दोन दिवसांच्या शिबिराला परवा माझा भाचा जाऊन आला. नव्या गिऱ्हाइकावर पहिली छाप कशी पाडायची, हा विषय. कोट कुठल्या रंगाचा, हात कसा मिळवायचा, व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी का द्यायचं, सगळं पोरानं वहीत उतरवून आणलंय. ती वही वाचली आणि राहवलं नाही, म्हणून हे पत्र.

२०११ साली पुण्याची एक मोठी पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, पहिल्यांदाच आमची शेड बघायला येणार होती. तेव्हा वडील होते. दारात रांगोळी, शाल-श्रीफळ, कुंद्याचा डबा, गुळगुळीत कागदावर छापलेलं माहितीपत्रक, सगळी तयारी झाली. आलेले गृहस्थ साठीच्या आसपासचे, अंगात साधा हाफ शर्ट. शाल त्यांनी घडी करून खुर्चीवर ठेवली, चहा घेतला आणि थेट लेथपाशी गेले. तिथला व्हर्निअर, म्हणजे जबड्यांत धरून माप घ्यायचं उपकरण, उचलला. जबडे रुमालानं पुसले, मिटवले आणि उजेडाकडे धरले. शून्याला शून्य जुळेना. दोन रेघांचा फरक होता, म्हणजे ०.०४ मिलिमीटर. ते एक शब्द बोलले नाहीत. व्हर्निअर होता तिथं ठेवला, माहितीपत्रक पिशवीत घातलं, "कळवतो" म्हणाले आणि गेले. त्यांचा फोन कधी आला नाही. त्या रात्री वडील जेवले नाहीत. आमच्या हातून जाणारा प्रत्येक जॉब त्याच व्हर्निअरनं मोजला जायचा. तो चुकीचं दाखवतोय हे त्या माणसाला मिनिटभरात कळलं, आम्हाला मात्र रोज हातात धरून कळलं नव्हतं.

त्यानंतर सगळी मापन उपकरणं दरवर्षी कॅलिब्रेशनला, म्हणजे अचूकता तपासून घ्यायला, जातात. रोज सकाळी मशिन सुरू करण्याआधी शून्य तपासायचा, हा आमच्याकडे देवपूजेसारखा नेम आहे.

दुसरा प्रसंग काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातला. कोल्हापूरची पार्टी आली होती. मशिनमधून नुकताच निघालेला पोलादी जॉब त्यांनी मोजायला मागितला. आमचा ऑपरेटर खानापूर तालुक्यातला, आयटीआय झालेला पोरगा. तो म्हणाला, "साहेब, जरा थांबा की. जॉब गरम हाय, आत्ता मोजला तर माप खोटं येतंय." मला घाम फुटला, पाहुण्याला असं थांबवतात का? पण पोरगं बरोबर होतं. मापं २० अंश तापमानाला धरून ठरलेली असतात. १०० मिलिमीटरचा पोलादी जॉब १० अंशांनी तापला की ११-१२ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) फुगतो. ड्रॉइंगवर मापात कमीजास्त चालेल ती सूटच २२ मायक्रॉनची होती, म्हणजे निम्मी तिथंच संपली. ते साहेब स्टूल ओढून बसले आणि जॉब निवेपर्यंत त्या पोराशीच बोलत राहिले. आज ते आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक आहे.

भाषेचंही सांगते. पुणे-कोल्हापूरची पार्टी आली की मराठी आहेच. हुबळीचा माणूस आला की आमचा वॉचमन कानडीत "बर्री सर, कुंद्रि" म्हणतो आणि त्या माणसाचा चेहरा तिथंच सैलावतो. मराठीवरची माझी माया यानं तसूभरही कमी होत नाही. दारात आलेल्याला त्याच्या बोलीत बसा म्हणणं हे आपल्या बेळगावचं जुनं वळण आहे, ते शिबिरात शिकवावं लागू नये.

कपडे नीटनेटके असावेत, वेळ पाळावी, याला माझी ना नाही. पण आपल्याकडे येणारा माणूस मोजून घेणारा आहे. तो लाल ट्रेमधले रिजेक्ट जॉब बघतो, गेजवरच्या, म्हणजे मापायच्या साधनावरच्या, कॅलिब्रेशनच्या चिकटपट्टीची तारीख बघतो, 'हे आमच्याकडे होणार नाही' असं आपण तोंडावर सांगतो का ते बघतो. शिबिरं घेणाऱ्या संघटनांना माझी कळकळीची विनंती आहे की, दोन दिवसांतला एक दिवस हॉलमध्ये न घेता एखाद्या शेडमध्ये घ्या. मुलांच्या हातात मायक्रोमीटर द्या. जागा मिळत नसेल तर माझी शेड उघडी आहे, चहाही मीच देईन. वडिलांचा तो व्हर्निअर मी टाकलेला नाही, लेथच्या वरच्या खिळ्याला टांगलाय. येणाऱ्या प्रत्येक मुलानं तो एकदा मिटवून उजेडाकडे धरून बघावा.

आपली,
एक लघुउद्योजिका,
उद्यमबाग, बेळगाव