गरम इंजिनात काटा का पडतो

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला व्हिडिओ नीट पाहिला. आपल्या अँबेसेडरचा ऑइल प्रेशरचा काटा सकाळी गार इंजिनवर चार किलोवर (दर चौरस सेंटिमीटरला), आणि कात्रजचा घाट चढून आल्यावर सिग्नलला अर्ध्या किलोच्याही खाली. तुझा मिस्त्री म्हणतो पंप गेला, नवा टाकू. निदान आत्ता तरी टाकू नकोस. नव्याने बांधलेल्या इंजिनात ऑइल प्रेशर कमी दिसलं की पहिला आळ पंपावर येतो, आणि बहुतेक वेळा तो बिचारा निर्दोष असतो.

पंपाचं काम तेल ढकलायचं. प्रेशर तयार होतं ते ढकललेल्या तेलाला बेअरिंगच्या फटींतून निसटायला त्रास पडतो म्हणून. घरातल्या सगळ्या तोट्या एकदम सोडल्या की वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही. त्यात टाकीचा काय दोष? शिवाय फट दुप्पट झाली की गळती दुप्पट होऊन थांबत नाही, त्याच दाबाला जवळजवळ आठपट होते. दोन थाऊच्या (इंचाचा हजारावा भाग) जागी चार थाऊ, एवढ्यात सगळा खेळ. तेल गरम होऊन पातळ झालं की हे उघडं पडतं. गार असताना जाड तेल सगळं झाकून घेतं.

पण आधी काटा खरं बोलतोय का ते बघ. ब्लॉकवरचा सेन्सर काढून तिथे नळीचं मेकॅनिकल गेज लाव, इंजिन चांगलं तापव आणि मग आकडे लिही: स्लोला (रेस न देता) किती, मिनिटाला दोन हजार फेऱ्यांना किती, तीन हजारांना किती. दर हजार फेऱ्यांमागे (आरपीएम) दहा पीएसआय (चौरस इंचाला पौंड), म्हणजे पाऊण किलोच्या आसपास, हा जुना ठोकताळा आहे. तापलेल्या इंजिनात स्लोला पंधरा पीएसआय असले तर मी निवांत झोपेन. सहा-सात असले तर नाही.

त्या आकड्यांतच निम्मं उत्तर असतं. स्लोला कमी, पण रेस दिली की काटा झपकन चढून गारच्या आकड्याजवळ जाऊन थांबतो, तर संशय फटींवर. गार-गरम दोन्ही वेळी ठरावीक कमी आकड्यावर अडतो, कितीही रेस दे, तर रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जास्तीचा दाब सोडून देणारी झडप. वळणावर किंवा ब्रेक मारताना काटा नाचतो, तर चेंबरमधली (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यातली) पातळी कमी आहे किंवा पंपाची जाळी हवा ओढते आहे. व्हिडिओत तू रेस देऊन दाखवलीच नाहीस, म्हणून मी अजून कोणालाच दोषी धरत नाही.

रिलीफ व्हॉल्व्ह तुला घरी बघता येईल. आपल्या अँबेसेडरचं १४८९ सीसी इंजिन मूळचं ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं (बीएमसी) बी-सिरीज. मॉरिस ऑक्सफर्ड या गाडीतून बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात आलं, आणि एमजीए या स्पोर्ट्‌स गाडीतही तेच होतं. ब्लॉकच्या डाव्या अंगाला, मागच्या बाजूला एक मोठा टोपीनट दिसेल. तो इंजिन गार असताना खोल. आत स्प्रिंग आणि वाटीसारखा छोटा व्हॉल्व्ह असतो. वाटीच्या कडेवर बोट फिरव आणि उजेडात तिरकी धरून बघ: सगळीकडून सारखी चमकदार रेघ हवी. एका जागी रेघ तुटली असेल तर तिथे कचरा अडकून बसला होता. ब्लॉक धुतल्यावर राहिलेली धातूची एक बारीक किस पुरते. स्प्रिंगखाली वॉशर घालून काटा वर आणायची युक्ती तुला कोणीतरी सुचवेलच. तापल्यावर स्लोला व्हॉल्व्ह मुळात बंदच असतो, त्यामुळे तुझ्या दुखण्याला तिचा उपयोग शून्य.

जाड तेलाचंही तेच. वीस-पन्नास ग्रेड या इंजिनाला योग्यच आहे, पण त्याच्यापुढे जाऊन मधासारखं ॲडिटिव्ह ओतलं की गेज सुधारतं, बेअरिंग नाही. सेकंडहँड गाड्या विकणाऱ्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

तेल बदलण्याआधी डिपस्टिकचा वास मात्र घे. पेट्रोलचा वास आला, किंवा पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर ब्लॉकच्या बाजूच्या पेट्रोल पंपाचा पडदा फाटून पेट्रोल चेंबरमध्ये उतरतंय. तसं असेल तर गाडी चालूच करू नकोस. पडदा आणि तेल बदल, बाकी चौकशी नंतर. (मागून पडणारे थेंब वेगळे. या इंजिनाला क्रँकच्या मागच्या मेन बेअरिंगला धड सीलच नाही, तेल परतवणारी चक्री आहे. त्यासाठी जीव जाळू नकोस.)

मग फिल्टर. जुना एलिमेंट उभा काप, कागदाच्या घड्या स्टीलच्या ताटलीवर उलगड, उन्हात बघ. लोहचुंबकाला चिकटणारा थोडा भुगा नव्या रिंगांचा, तो चालतो. राखाडी, मऊ, चुंबकाला न दाद देणारी चमक दिसली तर बेअरिंगचा वरचा थर जातोय. तांबूस कण दिसले तर तो थर जाऊन खालचं तांबं उघडं पडलंय. मग एक किलोमीटरही चालवायची नाही.

मिस्त्रीला दोन गोष्टी विचार, भांडण न करता. क्रँक दहा थाऊ ग्राइंड केला म्हणतो, तर फिटिंगच्या वेळी फट मोजली होती का, आणि कशाने? आणि कॅमशाफ्टचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचे) बुश बदलले का? ते बसवल्यावर भोकं नेमकी करायला एका रेषेत रीमर मारावा लागतो, म्हणून पुष्कळ ठिकाणी जुनेच ठेवतात. मेन आणि कनेक्टिंगचे बेअरिंग नवे, कॅमचे बुश झिजलेले; सगळं तेल तिथून पळतं आणि लोक पंपामागून पंप बदलत बसतात. ब्लॉक धुताना ऑइल गॅलरीचे (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांचे) प्लग काढले होते का, हेही विचार. एखादा परत बसवायचा राहिला असेल तर गळती आतल्या आत होते, जमिनीवर थेंब पडत नाही.

चेंबर उतरवायची वेळ आली तर मला आधी कळव. मायक्रोमीटर घेऊन मी शनिवारच्या गाडीने येतो. प्लास्टिगेज (फट मोजायची मऊ तार) पुण्यात मिळालं तर आणून ठेव, आणि चेंबरचं पॅकिंगही, नाहीतर रविवारी दुकानं बंद म्हणून आपण दोघं हात बांधून बसू.

तुझे,
बाबा