सिकाडा उलटा करून बघ

पुणे, जून 2025

प्रिय मित्रा,

अमेरिकेतल्या सिनसिनाटीहून पाठवलेले सिकाड्यांचे, म्हणजे झाडांवर कर्कश ओरडणाऱ्या त्या पंखवाल्या किड्यांचे, फोटो मिळाले. सगळे वरून काढलेत: काळं अंग, लाल डोळे, नारिंगी शिरांचे पंख. दर सतरा वर्षांनी जमिनीतून बाहेर येणाऱ्या तिन्ही जाती, सेप्टेंडेसिम, सेप्टेंडेक्युला आणि कॅसिनी, वरून अशाच दिसतात. ओळख पटते ती पोटाखाली.

किडा मिटल्या पंखांसकट अंगठा आणि तर्जनीत हलकेच धर आणि उलटा कर. नांगी नसते. नर कर्कश ओरडेल, पण त्याने काही होत नाही. फारच वळवळला तर डबीत घालून दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेव.

पोटावर रुंद नारिंगी पट्टे असतील तर सेप्टेंडेसिम. पट्टे बारीक पण ठसठशीत असतील तर सेप्टेंडेक्युला. पोट जवळजवळ सगळं काळं असेल तर कॅसिनी. मात्र कॅसिनीच्या पोटावरही कधी कधी फिकट नारिंगी छटा असते आणि घोटाळा होतो. म्हणून डोळ्यामागची, पंखाच्या मुळापर्यंतची जागा भिंगाखाली बघच. सेप्टेंडेसिममध्ये तिथे नारिंगी डाग असतो, बाकी दोघांत ती काळी. माझा सर्वांत जास्त भरवसा या खुणेवर आहे. आकारावर अजिबात विसंबू नकोस. सेप्टेंडेसिम सहसा मोठा असतो खरा, पण त्याचेही लहान नमुने निघतात.

कॅसिनी की सेप्टेंडेक्युला असा पेच उरला तर नराचा आवाज फोनवर रेकॉर्ड कर. कॅसिनी आधी टिकटिक करतो आणि मग सळसळत चढत जातो. सेप्टेंडेक्युलाची टिकटिक तालात चालते. सेप्टेंडेसिमचा सूर खालचा, लांबवलेला, शेवटी घसरणारा.

नुकती कात टाकलेला पांढुरका किडा ओळखायला घेऊ नकोस, त्याचा रंग अजून चढलेला नसतो. वाळलेल्या किड्याचा नारिंगी रंग काळवंडतो, तोही नको. पोटाचं टोक गळून तिथे खडूसारखा पांढरा गोळा दिसला तर ती मॅसोस्पोरा बुरशी, जातीची खूण नव्हे.

हे नियम आपल्या सह्याद्रीतल्या प्लॅटिप्लुरा गटातल्या सिकाड्यांना मात्र लावू नयेत. तिथे पंखांवरची नक्षी बघावी लागते, आणि किडा बसलेला असताना मागचे पंख झाकलेले राहतात. त्यामुळे पंख उघडूनही एक फोटो घ्यावा लागतो.

आता प्रत्येक किड्याचे तीन फोटो पाठव: पोट, डोळ्यामागची बाजू आणि पट्टीशेजारी ठेवून वरून. फ्लॅश बंद ठेव, काळ्या अंगावर चकाकी आली की पट्टे दिसत नाहीत.

तुझा,
पुण्याचा मित्र