आप्पा, त्या पेढ्यांबद्दल

आई, आप्पा,

फोनवर आप्पांना नीट ऐकू येत नाही आणि आई दर दोन मिनिटांनी "जेवलीस का" वर येते, म्हणून हे टाइप करून पाठवतेय. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला सांगितलंय. आप्पा, डोळ्यात थेंब घातल्यावर लगेच वाचायला घेऊ नका, अर्धा तास जाऊ द्या.

दादाच्या वास्तुशांतीला पंगतीत मामांनी विचारलं ना, मग पीएचडीच्या चार वर्षांत आकाशात काय सापडलं तुला, आणि मी "काही नाही" म्हणाले आणि सगळे हसले. वर मामांनी अलकनंदाचं पण काढलं, पुण्यातल्याच लोकांनी नवी आकाशगंगा शोधली, पेपरात आलं होतं, तू कुठं होतीस म्हणे. मामांचं मला काही वाटलं नाही, ते असेच आहेत. पण आप्पा, तुम्ही ताट अर्धं टाकून गोठ्याकडं गेलात ते मी बघितलं. तुम्हाला पेढे आठवले असणार.

दोन वर्षांपूर्वी रात्री साडेअकराला मी फोन केला होता, सापडलं सापडलं करत. दुसऱ्या दिवशी तुम्ही सासवडवरून दोन किलो पेढे आणून पारापर्यंत वाटले, आईने सांगितलं मला. आप्पा, ते सापडलेलं चुकीचं होतं. चूक माझीच होती आणि ती मला तीनच आठवड्यांत कळली होती, पण पेढे वाटून झाले होते आणि तुम्हाला सांगायचं धाडसच झालं नाही. मग एकदा गप्प बसलं की पुढे गप्पच राहतं माणूस.

तर आता सगळं नीट सांगते. आपली आकाशगंगा आहे तशा शेकडो, कधी हजारो आकाशगंगा एकमेकींना धरून राहतात, त्याला आम्ही क्लस्टर म्हणतो. त्यांच्या मधल्या जागेत गॅस असतो, काही कोटी डिग्री तापलेला. पण इतका विरळ की एका घनमीटरमध्ये जेमतेम हजारभर कण. तरी हा सगळा गॅस एकत्र केला तर त्या आकाशगंगांमधल्या सगळ्या ताऱ्यांपेक्षा जड भरतो (आणि या दोघांच्या कितीतरी पट वजन न दिसणाऱ्या डार्क मॅटरचं, ते राहू दे, त्यावर आई पुन्हा विचारेल भूत आहे का म्हणून). हा गरम गॅस एक्स-रे मध्ये चमकतो, तो आपल्या चंद्रशेखरांच्या नावाच्या 'चंद्रा' दुर्बिणीतून दिसतो. ती 1999 पासून वर फिरतेय.

कधीकधी असे दोन क्लस्टर एकमेकांवर आदळतात, सेकंदाला हजार दोन हजार किलोमीटरच्या वेगानं, आणि ही टक्कर कोट्यवधी वर्षं चालते. गॅस घुसळून निघतो. त्यातल्या काही इलेक्ट्रॉनना इतका धक्का बसतो की ते जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं पळायला लागतात, आणि तिथं असलेल्या अगदी दुबळ्या चुंबकत्वात गिरक्या घेताना रेडिओ लहरी सोडतात. मग सगळ्या क्लस्टरभर एक फिकट रेडिओ धुकं पसरतं, 30 लाख प्रकाशवर्षांएवढं वगैरे. त्याला रेडिओ हेलो म्हणतात. मी हेच शोधत होते.

यातली खरी गंमत ही की तो हेलो असायलाच नको. असा इलेक्ट्रॉन साधारण 10 कोटी वर्षांत दमतो, आणि तेवढ्या वेळात त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत जाताच येत नाही. म्हणजे कुठून तरी निघून सगळीकडे पसरला असं नाही, जागच्या जागीच कोणीतरी त्याला पुन्हा पुन्हा ढकलतंय. कोण ढकलतंय? बऱ्याच जणांचं म्हणणं आहे टकरीनंतर गॅसमध्ये जी खळबळ माजते ती. आधी दुसरं एक उत्तर पण होतं, की तिथले प्रोटॉन एकमेकांवर आपटून नवे इलेक्ट्रॉन बनवत असतील. पण तसं असतं तर सोबत गॅमा किरण पण भरपूर निघायला हवेत, आणि 2008 मध्ये सोडलेल्या फर्मी उपग्रहाने वर्षानुवर्षं बघितलं तर पाहिजेत तेवढे दिसलेच नाहीत. म्हणजे बघा, न दिसण्यावरून एक आख्खं उत्तर मागे पडलं.

न दिसण्यावरून कळल्याचं दुसरं उदाहरण तर आपल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवरच घडलं. आठवतंय, विज्ञान दिनाला एसटीनं गेलो होतो, नारायणगावला आईने टोमॅटोचा भाव विचारत अर्धा तास घालवला होता. 45 मीटर रुंदीच्या 30 डिश, गोविंद स्वरूप सरांनी भरीव पत्रा न लावता तारांची जाळी ताणून बनवलेल्या, म्हणजे वारा आरपार जातो आणि वजन पण कमी. तुम्ही म्हणाला होतात हे तर द्राक्षाच्या मांडवासारखं ताणलंय. त्या डिश वापरून इटलीच्या मंडळींनी आणि इतरांनी मिळून सुमारे 50 क्लस्टरांचा सर्व्हे केला, 2007-08 ला त्याचे पेपर आले. बहुतेक क्लस्टरांत हेलो निघालाच नाही! आणि ज्यांत निघाला ते जवळपास सगळे टकरीत सापडलेले, जे शांत बसलेत त्यांच्यात काही नाही. त्या रिकाम्या क्लस्टरांमुळेच तर कळलं की टकरीशी संबंध आहे. सगळीकडेच हेलो असता तर काय डोंबल कळलं असतं.

माझा क्लस्टर टकरीतलाच आहे, एक्स-रे मध्ये गॅस वेडावाकडा दिसतो. म्हणून मला खात्री होती. रात्रभराचं ऑब्झर्व्हेशन मिळालं, आणि पुढचे चार महिने फक्त डेटा निवडत बसले, आई तांदूळ निवडते तसं. मोबाइल, विजेच्या तारा, विमानं, उपग्रह, सगळ्यांचा कचरा त्यात येतो, तो एकेक करून फेकायचा, आम्ही फ्लॅगिंग म्हणतो. मग क्लस्टरमधल्या ज्या आकाशगंगा स्वतःच रेडिओत चमकतात त्या इमेजमधून वजा करायच्या. वजा केल्यावर मागे जो धुरकट डाग उरला तो मला हेलो वाटला. तेव्हाच तुम्हाला फोन केला. माझ्या गाईड मॅडमनी सांगितलं कॅलिब्रेशन (म्हणजे दुर्बिणीची मापं जुळवणं) परत कर, केलं, तर डाग निम्मा झाला. परत केलं तर गेलाच. फडकं नीट न मारल्यावर फरशीवर ओघळ राहतो ना, तो होता. त्या रात्री मी मेसला गेलेच नाही.

आणि मग खरं काम सुरू झालं. दिसत नाही म्हणजे नक्की किती दिसत नाही, हे सांगावं लागतं. त्यासाठी कॉम्प्युटरवर बनवलेला खोटा हेलो मुद्दाम माझ्या डेटात मिसळायचा, पहिल्यापासून सगळी इमेज बनवायची आणि बघायचं सापडतो का. ठळक टाकला की सापडतो. मग फिका करत जायचं, अजून फिका, आणि जिथं दिसायचा बंद होतो तिथं रेघ मारायची. म्हणजे खरा हेलो असलाच तर या रेघेच्या खाली आहे. हे करायला मला दीड वर्ष लागलं.

आप्पा, हे तुम्हाला मामांपेक्षा जास्त कळेल म्हणून लिहितेय. तुमच्या तीन बोअर गेल्या तेव्हा तुम्ही वहीत लिहिलं होतं, विहिरीच्या वरच्या अंगाला, 380 फूट, मुरूम, मग काळा पाषाण, धूळ. पाणाड्या नारळ घेऊन फिरला त्याने कधी लिहिलं का काही? आणि शेजारच्या काकांना त्याच पट्ट्यात बोअर मारायची होती तेव्हा तुम्ही वही काढून दाखवलीत, "इथं पाणी नाही" असं नाही म्हणालात, "380 पर्यंत नाही" म्हणालात. माझा पेपर म्हणजे ते वहीचं पान आहे. मला कदाचित अजून खाली जावं लागेल, म्हणजे आमच्या भाषेत कमी फ्रिक्वेन्सीला. मी 550 ते 850 मेगाहर्ट्झमध्ये बघितलंय, काही हेलो त्याच्याही खालीच नीट दिसतात, म्हणून 250 ते 500 साठी वेळ मागितलाय. मिळेल न मिळेल.

मामांना सांगायचं असेल तर हे सांगा. अलकनंदा भारी आहे, मी काय नाकारत नाही. विश्व जेमतेम 150 कोटी वर्षांचं असताना एवढी नीटनेटकी चक्राकार आकाशगंगा असेल असं कोणाला वाटलं नव्हतं, आणि राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी ती जेम्स वेब दुर्बिणीच्या डेटातून इथं पुण्यात बसून काढली. पण ती दिसते एबल 2744 नावाच्या क्लस्टरच्या मागे, त्याच्या वजनाने प्रकाश वाकतो आणि भिंगासारखं काम होतं. आणि त्या एबल 2744 मध्ये एक मोठाच्या मोठा रेडिओ हेलो आहे. म्हणजे मामांच्या अलकनंदाच्या पुढ्यातलं अंगण आमचं आहे.

माझा पेपर रेफ्रीकडून, म्हणजे छापण्याआधी तपासणाऱ्याकडून, परत आलाय, दोन शंका आहेत, एक बरोबर आहे आणि एक त्याने नीट न वाचता काढलीय. थिसिसला अजून सहा महिने धरा. आई, लग्नाचं दिवाळीनंतर बोलू, आत्ता नको.

आप्पा, पेढे ज्यांना दिले त्यांच्यापैकी कोणी विचारलं तर सरळ सांगा, ते चुकलं होतं आणि पोरीनेच पकडलं. नाही सांगितलं तरी चालेल. आणि चौथ्या बोअरचं दादा म्हणत होता, मी येईपर्यंत थांबा, वहीतली ती पानं मला एकदा बघायचीत. सीताफळं एवढी पाठवू नका, हॉस्टेलला मागची सगळी एकाच दिवशी पिकली.

तुमची,
ताई